राबाच्या डहाळ्यांत बिब्बा नको

चालत्या कामांत कोणीं विघ्न आणलें म्हणजे ‘बिब्बा घातला’ असें आपण म्हणतों. सापगांवच्या भातसाकांठापासून मुरबाडच्या डोंगरपायथ्यापर्यंत जे शेतकरी अजून राब भाजतात, त्यांनीं हा बिब्बा खरोखरीच आपल्या खाचरांत घालूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

राबासाठीं डहाळ्या छाटणारा गडी झाडावर चढतो तो उघड्या हातापायांनीं. बिब्ब्याची फांदी तोडली कीं चीक अंगावर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कातडी लाल होते, खाज सुटते, फोड उठतात, डोळे सुजतात. यालाच ‘बिब्बा उतणें’ म्हणतात. फळांतील तेल तर कातडी प्रत्यक्ष जाळतें. अमेरिकेंतील पॉयझन आयव्ही ही कुप्रसिद्ध वेल आंबा, काजू व बिब्बा यांच्याच कुळांतली असून तिचें विषही याच जातीचें आहे. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर पुरळ उठे. धोब्यानें कपड्यांवर बिब्ब्यानें केलेली खूण हें त्याचें कारण, असें त्यांच्या डॉक्टरांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केलें. कपड्यावरील ठिपक्याचा हा प्रताप, तर ताज्या चिकाचा किती!

झाड ओळखणें कठीण नाहीं. पान वीत-दीड वीत लांब, टोंकाशीं रुंद व गोलसर, खालून फिकट. पानें फांदीच्या शेंड्याशीं गर्दीनें येतात. चीक वाऱ्यावर काळा पडतो. हिंवाळ्यांत नारिंगी मांसल देठावर काळें फळ दिसतें.

चीक लागतांच, खाज सुटण्याची वाट न पाहतां, साबण व भरपूर पाण्यानें अंग धुवावें. नखें, कोयता व कपडेही धुवावे. खोबरेल लावण्याची रीत जुनी आहे. परंतु न धुतां तेल चोळल्यास चीक अधिक पसरतो. फोड फोडूं नयेत. गार पाण्याच्या घड्या ठेवाव्या. फोडांतील पाण्यानें विकार पसरत नाहीं. न धुतलेल्या चिकानें पसरतो. तोंड, डोळे वा गुह्यभाग सुजल्यास, किंवा धाप लागल्यास, दवाखाना गांठावा.

कोणी म्हणतील, बिब्बा हें तर औषध. खरें आहे, पण वैद्य भल्लातकाचें शोधन केल्यावांचून तें देत नाहींत. काटा मोडला कीं कच्च्या बिब्ब्याचा चटका द्यावयाचा, ही घरगुती वैदूगिरी आतां सोडावी.

सर्वांत घातक चूक म्हणजे या डहाळ्या राबांत जाळणें. पाला वाळला म्हणून विष जात नाहीं. धुराबरोबर तें डोळ्यांत व छातींत शिरतें, आणि राबाजवळ बहुधा मुलेंबाळेंही असतात. म्हणून छाटणीपूर्वीं मालकानें स्वतः फिरून बिब्ब्याच्या खोडाला चुन्याचा पट्टा ओढावा आणि कामाच्या जागीं साबण व पाण्याची घागर ठेवावी. तरीही गड्याला बाधा झालीच, तर बुडालेली मजुरी व औषधाचा खर्च मालकानेंच द्यावा. काम आपलें, तर जोखीमही आपलीच.

झाड मात्र तोडूं नये. त्याची गोडंबी लोक आवडीनें खातात. बांधावर तें सुखानें उभें राहो. राबांत त्याला जागा नाहीं.