दुसऱ्याला कळेल असा महोत्सव

आपल्या शाळेत प्रादेशिक संगीताचा महोत्सव ठरला, की प्रत्येक राज्याची मुले आपापला कार्यक्रम बसवतात. मराठी गाण्याला मराठी मुले टाळ्या वाजवतात, बाकीचे आपल्या पाळीची वाट बघतात. मला हे पटत नाही. आपल्या भागाचे गाणे दुसऱ्या भागातल्या मुलांपर्यंत पोहोचावे, म्हणून तर महोत्सव करायचा.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव बघा. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, धारवाड जिल्ह्यातल्या कुंदगोळचे. त्यांनी मराठी रंगभूमी गाजवली. १९५२ मध्ये ते गेले आणि १९५३ मध्ये त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी हा महोत्सव सुरू केला. भीमसेनही गदगचे. त्यांनी मराठी अभंग घरोघरी पोहोचवले आणि पुरंदरदासांची कन्नड पदेही तितक्याच प्रेमाने गायली. के. आर. पुरममध्ये राहून आपण हे विसरू नये.

म्हणून यंदा तीन गोष्टी कराव्यात. पोस्टर पंधरा दिवस आधी लावावे आणि त्यावर कन्नड व हिंदी मजकूरही असावा. प्रत्येक गाण्याआधी त्याचा अर्थ दोन वाक्यांत हिंदीत सांगावा. प्रत्येक गटात निदान दोन कॅडेट दुसऱ्या राज्याचे असावेत. ढोलकी मराठी मुलानेच वाजवली पाहिजे, असे थोडेच आहे!

यामुळे सराव वाढेल, हे खरे. पी.टी., परेड आणि अभ्यास तर चुकणार नाही. मग गाणी कमी करू. न कळलेल्या दहा गाण्यांपेक्षा कळलेली पाच बरी. सांस्कृतिक समितीने याचा विचार करावा, ही विनंती.