कोयत्याआधी उरकलेले लग्न आणि सोळाव्या वर्षीची आई



दसरा झाला की मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून कोयते निघतात. भांडी-कुंडी, जनावरे, लेकरे, सगळा संसार गाडीत. पुढे तुळशीचे लग्न लागते आणि लग्नसराई सुरू होते. या दोन हंगामांच्या सांध्यात आणखी एक गोष्ट घडते, ती कुठल्याही पीकपाहणीत नोंदली जात नाही. नववी-दहावीतली एखादी पोरगी शाळेत यायची बंद होते. कुणी विचारले तर "मामाच्या गावाला गेली" असे उत्तर मिळते. वर्षभराने ती दिसते तेव्हा तिच्या कडेवर मूल असते.

या पानावर आपण एरवी बोंडअळी, पीकविमा, ठिबकचे अनुदान यांविषयी बोलतो. कृषी खात्याच्या माणसाने हा विषय कशाला काढावा, असे काहींना वाटेल. पण शिवारफेरीत माणसे पिकाबरोबर घरचेही बोलतात. "साहेब, पोरगी उजवून टाकली, जिवाचा घोर गेला," असे सांगणारा बाप मला दर हंगामात भेटतो. त्याचा घोर खरोखर गेला का, की पोरीच्या अंगावर टाकला, हे आज पाहू.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते. हे प्रमाण परभणी जिल्ह्यात ४८ आणि बीडमध्ये जवळजवळ ४४ होते. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुली राज्यात शंभरात साडेसातच्या वर होत्या. देशाची सरासरी सातच्या आत होती. म्हणजे प्रगत म्हणवणारे आपले राज्य या बाबतीत देशाच्या मागे आहे.

परदेशात कुमारवयातील गर्भधारणेची चर्चा होते तेव्हा ती बहुधा लग्नाआधीच्या संबंधांची असते. आपल्याकडे चित्र उलटे आहे. आपल्याकडच्या अशा बहुतेक गरोदर मुली लग्न झालेल्या आहेत. त्यामुळे गावाला ते आक्रीत वाटत नाही. कपाळाला कुंकू आहे, सासर आहे, मग पोट आले तर बिघडले काय? पण त्या मुलीने ते मूल ठरवले होते का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. लग्न बापाने ठरवले, वर्षात पाळणा हलला पाहिजे हे सासूने ठरवले. जिच्या पोटात मूल वाढते तिला कुणी काही सांगितलेले नसते आणि विचारलेलेही नसते. "अनियोजित" या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय असणार?

लग्नाची घाई कशासाठी

बापाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण रोजगाराचे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या पोराला अर्धा कोयता. लग्न झाले की पुरा कोयता, पुरी उचल. म्हणून हंगामाआधी लग्न उरकण्याची घाई.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. आई-बाप सहा महिने फडावर असले तर वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर न्यावी तर कोपीला दार नाही, आडोसा नाही. कारखान्याच्या फडावर ऊस मोजला जातो, पण पोरीची काळजी कुणाच्या हिशेबात नसते.

तिसरे कारण शाळेचे. गावात शाळा सातवी-दहावीपर्यंत. पुढचे शिक्षण तालुक्याला. एसटीची वेळ चुकली की पोर अंधारात घरी येते आणि पारावर बोलणे सुरू होते. चौथे कारण हुंड्याचे. पोरगी जितकी शिकेल आणि मोठी होईल तितका नवरा महाग, हा हिशेब अजून गेलेला नाही. मार्च २०२० नंतर कोरोनामुळे शाळा बंद पडल्या, लग्ने पन्नास माणसांत होऊ लागली, तेव्हा ही चारही कारणे एकत्र आली. खर्च कमी, शाळा बंद, मग थांबायचे कशाला, असे म्हणून कित्येक लग्ने तेव्हा गुपचूप लागली.

धोरण तीन तोंडांचे

आता सरकारी बाजू पाहू. मुलींचे लग्नाचे वय १९७८ पासून १८ आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. लग्न लावणारा, घडवून आणणारा, ते होऊ देणारे आई-बाप आणि अठरा वर्षांवरील नवरदेव यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. स्त्रीला मात्र या कायद्याखाली कैद होत नाही. पुढे २०१२ मध्ये लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा आला. त्यात अठराच्या आतील मुलगी बालकच, मग तिची संमती असो वा नसो. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अठराच्या आतील पत्नीशी संबंध हाही बलात्कारच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच वय आले आहे. मुलगी गरोदर राहिली तर पॉक्सोखाली शिक्षा किमान २० वर्षांची आहे. हे किती पालकांना माहीत आहे? जावई वीस-बावीस वर्षांचा असतो. त्याच्या आयुष्याची माती होऊ शकते, हे लग्नाची सुपारी फोडताना कुणी सांगत नाही.

कायदा कडक आहे, त्यात वाईट काही नाही. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अल्पवयीन मुलगी गरोदर असल्याचे कळले की पोलिसांना कळवणे डॉक्टर, नर्स, आशा सर्वांनाच बंधनकारक आहे. त्या भीतीने घरचे तिला दवाखान्यात आणतच नाहीत. आणले तर वय वाढवून सांगतात. एका गावात मला कळलेली हकीगत अशी. सोळा वर्षांची मुलगी सातव्या महिन्यापर्यंत घरातच ठेवलेली. ना नोंद, ना रक्ताची तपासणी, ना लोहाच्या गोळ्या. पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा धावपळ झाली. पोर वाचली, बाळ गेले. मुलीला वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याच्या भीतीनेच मुलगी दवाखान्यापासून लांब राहते, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांनी मनावर घेतली पाहिजे.

धोरणाचे दुसरे तोंड शाळेत दिसते. २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने ते थांबवले. "पोरं बिघडतील" हा मुख्य आक्षेप होता. ज्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, त्या महाराष्ट्रातली ही गोष्ट. कर्व्यांवर खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. तेव्हा जी भीती होती तीच पुन्हा बोलली गेली. परिणाम असा की आज पोराच्या हातात मोबाईल आहे, त्यात नको ते सगळे आहे. फक्त खरी माहिती नाही. शाळा गप्प, घर गप्प आणि मोबाईल बोलतो, अशी स्थिती आहे.

तिसरे तोंड दवाखान्याचे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत. पण गावातल्या किती पोरींनी त्याची पायरी पाहिली? कुटुंब नियोजन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजूनही एकच चित्र येते : दोन लेकरे झाली की बाईचे ऑपरेशन. राज्यात वापरल्या जाणाऱ्या साधनांत स्त्री नसबंदीचाच वाटा सर्वांत मोठा आहे. पहिले मूल लांबवण्याचा विचार आपल्या सवयीत नाही. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या, तांबी, निरोध हे सर्व मोफत आहे. पण नव्या सुनेने आशाताईकडे गोळी मागितली तर "पहिलं लेकरू होऊ दे, मग बघू" असे घरातूनच सांगितले जाते. यातून सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी पहिले मूल, एकोणिसाव्या वर्षी दुसरे, विशीत ऑपरेशन आणि तिशीत पिशवी काढलेली, अशी कहाणी तयार होते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्याला खासगी दवाखाने आणि बुडणारी मजुरी जबाबदार होतीच, पण त्याची एक मुळी या कोवळ्या वयातल्या बाळंतपणांत आहे.

कालवडीचा हिशेब

तुलना कुणाला बोचेल, पण शेतकऱ्याशी शेतकऱ्याच्या भाषेत बोलतो. संकरित कालवड माजावर आली म्हणून आपण लगेच भरवत नाही. तिचे वजन अडीचशे किलोच्या आसपास झाले का, अंगात ताकद आहे का, हे बघतो. घाई केली तर गायही जाते आणि वासरूही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मग घरच्या लेकीच्या बाबतीत पाळी आली म्हणजे ती तयार झाली, हा हिशेब कुठून आला? राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. तिची स्वतःची हाडे अजून वाढत असतात आणि तेवढ्यात पोटातले बाळ वाटा मागते. कमी वजनाचे बाळ, अडलेले बाळंतपण, रक्तदाब, झटके हे सर्व या वयात जास्त. कुपोषित बालकांची यादी अंगणवाडीत लागते, तिची सुरुवात अशा लग्नाच्या मांडवात झालेली असते.

काय करता येईल

प्रथम ग्रामपंचायतीने. खेड्यात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत आणि अंगणवाडी सेविका त्यांच्या सहायक. पण लग्नाच्या दिवशी पोलीस घेऊन जाणे हा शेवटचा उपाय. तोवर पंगत बसलेली असते, कर्ज झालेले असते. त्याआधी हंगामापूर्वीच, भाद्रपद-आश्विनात, शाळेच्या हजेरीवरून आठवी ते बारावीच्या मुलींची यादी करावी. सलग आठ दिवस गैरहजर असेल तिच्या घरी जावे. वयासाठी आधार कार्डावर विसंबू नये, शाळेच्या नोंदवहीतील जन्मतारीख पाहावी. मंडपवाला, भटजी, काझी, भंते, आचारी यांना ग्रामसभेत बोलावून सांगावे की मदत करणाराही आरोपी होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षेआधी प्रतिबंधावर आणि वयानुरूप लैंगिक शिक्षणावर भर देण्यास सांगितले आहे. मुलींचे वय २१ करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आले होते, ते पुढे बारगळले. १८ पाळले जात नाही तिथे २१ लिहून काय होणार, हा प्रश्न उरतोच.

दुसरे, मुलगी गावात राहू शकेल अशी सोय. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्याने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ८२ वसतिगृहे मंजूर केली. आपल्या तालुक्यातले सुरू आहे का, जागा किती, हे सरपंचाने विचारावे. मानव विकास कार्यक्रमाची निळी बस शाळेच्या वेळेवर येते का, याचा ठराव करून आगाराला द्यावा. पोरगी शाळेत राहिली की लग्न आपोआप लांबते. यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

तिसरे, अल्पवयीन मुलगी गरोदर असेलच तर तिला लपवू नका. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, पालकांच्या लेखी संमतीने गर्भपात कायदेशीर आहे. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अशा वेळी मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. गावठी औषध किंवा मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी जीव जातो. मूल ठेवायचे असेल तर पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी करा. कुणा मुलीचे लग्न घाटत असेल तर १०९८ वर फोन करता येतो, सांगणाऱ्याचे नाव गुप्त राहते.

चौथे आणि सगळ्यात अवघड, घरात बोलणे. आईने पोरीला पाळी येण्याआधी सांगावे, बापाने पोराला सांगावे. पोराला तर कुणीच काही सांगत नाही. मुलगी "सांभाळून" राहिली पाहिजे म्हणतो, पण पोराने कसे वागावे हे कोण शिकवणार? बोलल्याने पोरे बिघडत नाहीत. न बोलल्याने काय होते ते आपण आकड्यांत पाहिले.

या आठवड्यात आपल्या गावच्या शाळेत जा आणि मागच्या वर्षी नववीत किती मुली होत्या व आज दहावीत किती आहेत, एवढे दोनच आकडे विचारा. फरक आला तर त्या मुली कुठे गेल्या, ते गावाला ठाऊक असते. ग्रामसभेत ते मोठ्याने विचारणारा एक माणूस हवा. तो तुम्ही व्हा.