आवाज उतरला, पण हवा?

नेटवर्क स्विच आता सर्व्हर रूमच्या दाराआड राहिलेला नाही. दवाखान्याच्या काउंटरखाली, वकिलांच्या ऑफिसात, सोसायटीच्या कार्यालयात सीसीटीव्हीच्या मॉनिटरशेजारी तो बसलेला असतो आणि दिवसभर शीळ घालतो. तिथे काम करणाऱ्याला ‘सवय होईल’ असे सांगून निघून येणे आम्हाला पटत नाही. स्विचचा पंखा जरूर बदलावा. मात्र नुसता डेसिबलचा आकडा पाहून तो निवडू नये.

आधी आवाज नीट ऐका. घरघर किंवा खरखर असेल तर बेअरिंग गेले आहे. त्याच मापाचा, त्याच क्षमतेचा नवा पंखा बसवला की काम झाले. एकसारखी शीळ असेल तर ती वेगाची आहे, आणि खरी अडचण इथे सुरू होते. वन-यू पेटीची उंची जेमतेम पावणेदोन इंच. तिच्यात 40 मिमीचाच पंखा मावतो आणि एवढ्याशा पात्यांना पुरेशी हवा खेचायची तर भरधाव फिरावे लागते. वेग निम्मा केला की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, ग्राहक खूश होतो. पण हवा निम्मी होते आणि दाब पावपट उरतो. हीटसिंकच्या दाट पट्ट्यांमधून हवा ढकलण्याचे काम हा दाबच करतो. म्हणून जुन्या पंख्याच्या लेबलवरून त्याची डेटाशीट शोधा आणि हवा व दाब हे दोन आकडे नव्याशी ताडून पाहा. नॉक्टुआचा 40 बाय 20 मिमीचा लोकप्रिय पंखा 5000 फेऱ्यांना 14.9 डेसिबलच आवाज करतो, पण त्याचा दाब पाण्याच्या 2.26 मिमीएवढाच आहे. साध्या, कमी लोडच्या स्विचला तो चालून जातो.

केबलवरूनच कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या पीओई स्विचचे गणित निराळे. पोर्टांवर 370 वॅट जात असतील आणि पॉवर सप्लायची कार्यक्षमता 90 टक्के धरली, तरी 40 वॅटच्या आसपास उष्णता पेटीतच राहते. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की लोड आणखी चढतो, त्यामुळे दुपारी अर्धा तास पाहून ‘ओके’ म्हणण्यात अर्थ नाही. तापमान 10 अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, याचा हिशेब आधीच करायला हवा.

कनेक्टर बसला म्हणून वायरिंग जुळले असे समजू नका. पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. 12 व्होल्ट, ग्राउंड आणि वेगाची सिग्नल वायर मल्टीमीटरने तपासूनच जोडा. हवेची दिशा जुन्या पंख्याचीच ठेवा. प्लग काढल्यावरही सप्लायच्या प्रायमरी कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट राहू शकतात, तेव्हा घाई नको.

मंद पंख्यामुळे ‘फॅन फेल’चा अलार्म आला, तर सिग्नल वायरवर खोटा सिग्नल देऊन तो गप्प करणारे आपल्याच व्यवसायात आहेत. ही ग्राहकाची फसवणूक आहे. उद्या पंखा खरोखर थांबला तर सांगणार कोण? जिथे पीओईचा लोड मोठा आहे तिथे स्विच दुसऱ्या खोलीत हलवा. केबल वाढवायचा खर्च ग्राहकाला स्पष्ट सांगा.

वाचकांना एकच विनंती. पंखा बदलण्याआधीचे आणि नंतरचे तापमान, पूर्ण लोडवर, किमान एक दिवस-रात्र घ्या, जॉब कार्डवर लिहा आणि मूळ पंखे ग्राहकाच्या हवाली करा.