घरचा पेला आणि परवान्याचा देखावा

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ मंजूर केली. लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मितिमूल्य असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क त्या मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर गेले. (‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ ही शब्दरचनाच या धोरणाचा गोंधळ सांगावयास पुरेशी आहे!) तत्पूर्वी, नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधील मद्यावरचा मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १० टक्के झालाच होता. १४ जुलै २०२५ रोजी बारचालकांनी एक दिवस दारे बंद ठेवून आपला निषेध नोंदविला. या वादात सरकारची तिजोरी आणि बारमालकांचा गल्ला या दोहोंचीच बाजू ऐकू आली. पेला हळूहळू जेथे सरकत आहे, त्या मध्यमवर्गीय घराचा विचार कोणी केला नाही.

बारमधील पेल्यात बाटलीची किंमत, मालकाचा नफा, जागेचे भाडे आणि कर हे सारे मिसळलेले असते. त्यापेक्षा चौघांनी मिळून एक बाटली आणावी आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसावे, हा हिशेब कोणाही पगारदाराला सुचण्यासारखा आहे. आता त्यात नव्या हौसेची भर पडली आहे. नुसती सोडा-पाण्यातील व्हिस्की जुनी झाली. जिनमध्ये कोकम, व्होडकामध्ये कैरीचे पन्हे, रममध्ये आले-लिंबू आणि साखरेचा पाक अशी मिश्रणे घरोघर होऊ लागली असून त्यांची शिकवणी मोबाइलवरील चित्रफितींतून मिळते. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, घरपोच मद्यविक्रीस परवानगी देऊन शासनाने स्वतःच बाटली उंबरठ्यापर्यंत आणून ठेवली होती, हेही विसरता येत नाही.

या दिवाणखान्यात कायद्याची स्थिती काय आहे? राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही अस्तित्वात आहे. पूर्वीचे ‘मुंबई’ हे नाव जाऊन त्यास ‘महाराष्ट्र’ हे नाव मिळाले, एवढेच. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनद्रव्यांसंबंधीची काही कलमे रद्द केली. परंतु कायद्याचा गाभा टिकला. त्यानुसार मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, आणि तो मूलतः आरोग्यरक्षणासाठी दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही असे जाहीर केले असताना, आपल्या कागदावर ते अद्याप औषध आहे! हा परवाना व्यक्तिगत असल्यामुळे यजमानाचा परवाना पाहुण्याच्या उपयोगाचा नाही. पाच पाहुणे असतील तर पाचांचे पाच परवाने हवेत. दुकानात एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. तो मागणारे गिऱ्हाईक आणि आग्रहाने देणारा दुकानदार दोघेही विरळाच. म्हणजे नियमाने वागणारा, करभरणा करणारा, मुलांना शिस्त शिकविणारा नागरिक आपल्याच घरात तांत्रिकदृष्ट्या गुन्हेगार ठरतो आणि त्याची खंत ना त्याला असते, ना शासनाला.

जो कायदा कोणी पाळत नाही, तो निरुपद्रवी असतो असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुस्थिती तशी नाही. असा कायदा वापरावयाचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते आणि मर्जी सहसा झोपडीकडे आधी वळते. दिवाणखान्यातील पेल्यास संस्कृती म्हणावयाचे आणि गुत्त्यावरील पेल्यास गुन्हा, ही विभागणी आपण मुकाट्याने स्वीकारली आहे. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. स्वस्त आणि शुद्ध यांपैकी एकच ज्याला परवडते, त्याच्यावर करवाढीचा परिणाम कोणता होईल, याचा विचार तिजोरी मोजणाऱ्यांनी करावयास हवा होता.

अमेरिकेने १९२० ते १९३३ या काळात दारूबंदीचा प्रयोग केला. सलून बंद झाली, पण पेला बंद झाला नाही. तो घरात गेला. चोरून गाळलेल्या वाईट जिनची चव झाकण्यासाठी फळांचे रस आणि मध वापरण्यात येऊ लागले आणि घरगुती कॉकटेलची मेजवानी तिथे रुजली. आपल्याकडे बंदी नाही, महागाई आहे. दिशा मात्र तीच दिसते.

आणि या गोड मिश्रणात एक फसगत दडलेली आहे. आपल्याकडील व्हिस्की-रममध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ४२.८ टक्के असते. ३० मिलिलिटरच्या लहान पेगात म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. बारमध्ये निदान मापाचे भांडे असते. घरात यजमानाचा हात हेच माप, आणि यजमानाचा हात नेहमीच सढळ! साखर, लिंबू आणि बर्फ यांमुळे तिखटपणा जिभेला कळत नाही. ‘दोनच ग्लास घेतले’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याने चार-पाच पेग रिचविलेले असतात. शिवाय राज्यात बियर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. बारच्या दारात वय विचारणारा कोणीतरी असतो. घरात पन्ह्याचा रंग असलेला पेला महाविद्यालयीन मुलाच्या हाती गेला तर विचारणार कोण?

शेजारच्या गोव्यात अशा परवान्याची भानगड नाही. उन्हाळ्यात ताजे हुर्राक आले की लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून ते घरोघर प्यायले जाते; काजूच्या फेणीस तर २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गोव्यात व्यसनाचा प्रश्न नाही असे नव्हे; पण निदान पिणाऱ्यास आजारी असल्याचे सोंग घ्यावे लागत नाही.

महाराष्ट्राचे धोरण मात्र हेलकावे खात आले आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्के केले, जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्याचा निर्णय जाहीर करून विरोध होताच तो बाजूस ठेवला, आणि २०२५ मध्ये पुन्हा करवाढ केली. व्यक्तिगत परवान्याचे सोंग काढून टाकावे, वयोमर्यादा आणि विषारी दारूविरुद्धच्या तरतुदी मात्र कठोरपणे राबवाव्यात, बाटलीवर पेगांचा आणि मद्यार्काच्या ग्रॅमांचा हिशेब ठळक मराठीत छापावा, एवढी दुरुस्ती विधिमंडळाच्या आवाक्याबाहेरची नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाचा त्यात अडसर येईल असे म्हणणाऱ्यांनी, दारूच्या उत्पन्नातून १४ हजार कोटींची भर अपेक्षिताना ते कलम कोठे होते, हे आधी सांगावे.

ही दुरुस्ती होईल तेव्हा होवो. तोवर पाहुण्यांपैकी परवानाधारक कोण, असे कोणताही यजमान विचारणार नाही. मात्र मोटार वाहन कायद्याने चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क हा गुन्हा ठरविला आहे आणि घरी केलेल्या मिश्रणाचे दोन पेले ती मर्यादा सहज ओलांडू शकतात. रात्री साडेअकरा वाजता दुचाकीची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे तरी त्याने दारातच विचारावयास हवे.