वडीलधाऱ्यांच्या औषधांची खतावणी

ज्या घराण्याच्या पेढीवर पै-पैचा हिशेब रोजच्या रोज रोजमेळात चढतो, त्याच घरात वडीलधाऱ्यांच्या औषधांचा हिशेब मात्र कोठेही लिहिलेला नसतो, ही गोष्ट आम्हांस फार दिवसांपासून खटकत आहे.

उतारवयात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, संधिवात असे तीन-चार विकार एकाच देहात नांदू लागतात. प्रत्येक विकारास निराळे डॉक्टर आणि प्रत्येकाची निराळी चिठ्ठी. एकेक चिठ्ठी आपल्या जागी योग्य असते; पण त्या सर्वांचा मेळ घालणारे कोणी नसते. वार्धक्यात मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि पुष्कळशी औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनने कित्येकांचे पाय सुजतात. ती सूज नवा विकार मानून लघवीची गोळी दिली जाते, आणि तिने अशक्तपणा व चक्कर येऊ लागते. गुडघेदुखीवर परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्या जोडीस मूत्रपिंडांना घातक ठरू शकते.

ही भीती काल्पनिक नव्हे. १९९१ साली अमेरिकेत डॉ. मार्क बिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमांतील रुग्णांसाठी टाळण्याजोग्या औषधांचे निकष प्रसिद्ध केले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्याने घटविण्याचे आवाहन केले.

खरी कसोटी रुग्णालयात लागते. दाखल होताना ‘सकाळची पांढरी गोळी’ एवढेच सांगता येते. घरी परतताना नवी चिठ्ठी मिळते. पण जुन्यांपैकी काय बंद करावयाचे, हे विचारले जात नाही. मग एकच औषध दोन व्यापारी नावांनी घरात राहते आणि मात्रा नकळत दुप्पट होते. एकाच मालावर दोन छाप पडले, तरी माल तोच, हे व्यापाऱ्यास का सांगावयास हवे?

‘डॉक्टरांना विचारणे म्हणजे अविश्वास’ असे काहींस वाटते. आम्हांस ते पटत नाही. शिल्लक मालाची यादी दिल्याने कोणत्याही मुनिमाचा अपमान होत नाही. मात्र स्वतःच्या मताने गोळ्या बंद करणे हाही तितकाच मोठा धोका आहे. काही औषधे एकाएकी सोडल्यास प्राणावर बेतते. पर्युषणातील उपवास व रात्रिभोजनत्याग यांची कल्पनाही डॉक्टरांना आधीच द्यावी. मधुमेहाची काही औषधे उपाशीपोटी घेतल्यास साखर घातक पातळीपर्यंत उतरते.

म्हणून आमची सर्व सभासद बंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे. यंदा दिवाळीस पेढीच्या वह्यांबरोबर घरासाठी आणखी एक वही आणावी. तीत प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, ते कशासाठी व कोणी दिले, हे लिहावे. काढे, चूर्णे आणि परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यातून वगळू नयेत. रुग्णालयात जाताना ती वही बरोबर न्यावी आणि परतताना प्रत्येक नोंद डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. ज्यांनी आपल्याला जमाखर्च शिकविला, त्यांच्यासाठी एवढे करणे आपले कर्तव्यच होय.