मोह वेचायला सेलवाली बॅटरीच बरी



होळी झाली की काठी, मोलगी भागात पहाटे अंधारातच मोह वेचायला निघावं लागतं. हातात बॅटरी हवीच. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा चावा पुष्कळदा दुखतही नाही.

बाजारात चार्जिंगच्या बॅटऱ्या स्वस्त दिसतात. घरी लाईट रोज टिकत असेल तर घ्या. पण माझं मत, डोंगरातल्या पाड्यावर पेन्सिल सेलवालीच बरी. स्वस्त चार्जिंगवाल्यांत बरेचदा आत शिशाची बॅटरी असते. ती चार्ज न करता काही महिने पडून राहिली की कामातून जाते, मग अख्खी वस्तूच फेकावी लागते. १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल मात्र किराणा दुकानातही मिळतो.

घेताना मागचं झाकण उघडून बघा. रबराची रिंग हवी, म्हणजे दव-पाणी आत जात नाही. लांब झोताच्या मागे लागू नका, त्यात सेल लवकर संपतात. पायापुढची दहा पावलं नीट दिसली की झालं!

जुना-नवा सेल एकत्र घालू नका. मोहाचा हंगाम संपला की सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात. संपलेले सेल चुलीत टाकू नका, फुटतात.