मनीऑर्डर विलायतेची, हिशेब दोन सरकारांचा

कोकण हा मनीऑर्डरवर जगणारा मुलूख, असे पिढ्यान् पिढ्या म्हटले जाते. महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यापुरते तरी ते खोटे नाही. वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाचरात भाताचे एक पीक, आणि बाकी सारे मुंबईच्या पैशावर: मीठमिरची, कपडालत्ता, पोरांच्या वह्या, म्हाताऱ्यांचे औषधपाणी. घरातला एखादा गिरणीत, एखादा गोदीत, एखादा पलटणीत असायचा. काही जण मुंबईला न थांबता बोटीवर चढले, पुढे आखातात गेले. अगदी थोडे विलायतेत किंवा अमेरिकेत पोहोचले.

माणूस गावी परतला की त्याची मनीऑर्डर थांबते. विलायतेहून परतलेल्याची मात्र थांबत नाही. ती पेन्शन होऊन त्याच्या मागोमाग घरी येते. या शेवटच्या मनीऑर्डरीबद्दल मला लिहायचे आहे, कारण ती घेणाऱ्यांपैकी मी एक आहे. इंग्लंडातल्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षे काढून मी वरंधला परतलो. महाडहून भोरकडे जाणारा रस्ता आमच्या गावापासून घाट चढू लागतो आणि शिवथरघळीला जाणारी माणसे याच वाटेने जातात. अशा गावी पौंडात पेन्शन घेणारा म्हातारा हा कौतुकाचा विषय असतो. "काका, तुमचं काय, महिन्याला पौंड मोजताय!" असे एस.टी.त कोणी तरी म्हणतेच. आणि लगेच दुसरा कानाशी येऊन विचारतो, "पण सरकारला कळलं तर निम्मं कापून घेईल ना?"

या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पौंडातले पेन्शन ही चैन नव्हे आणि त्यावरचा कर हा बागुलबुवा नव्हे. जिथे घाबरायला नको तिथे आम्ही घाबरतो आणि जिथे जाब विचारायला हवा तिथे गप्प बसतो, असे माझे मत आहे. ते का, हे आधी करापासून सांगतो.

कराचा करार आहे

भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९३ साली दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्यातले पेन्शनचे कलम साधे आहे. सरकारी नोकरीबद्दल मिळणारे पेन्शन वेगळे ठेवून इतर पेन्शनवर कर फक्त त्या देशाने घ्यावा, जिथे पेन्शनर राहतो. म्हणजे वरंधला राहणाऱ्याने ते उत्पन्न भारतात दाखवायचे. अमेरिकेशी १९८९ साली झालेल्या करारात थोडा फरक आहे. तिथले कंपनीचे पेन्शन इथे करपात्र. पण सोशल सिक्युरिटीवर कर घेण्याचा हक्क अमेरिकेने स्वतःकडे ठेवला. त्यामुळे तिथून परतलेल्या आणि तिथले नागरिकत्व नसलेल्या माणसाच्या सोशल सिक्युरिटीतून साधारणपणे शेकडा साडेपंचवीस कापूनच उरलेले हाती पडते, आणि त्यावर इथे पुन्हा कर नाही.

ब्रिटनचे सरकारी वृद्धत्व-पेन्शन कर न कापता येते. कंपनीच्या पेन्शनचे तसे नाही. भारताच्या प्राप्तिकर खात्याकडून रहिवासाचा दाखला मिळवून तिकडे अर्ज केला नाही, तर तिकडे कर कापला जाऊ शकतो. करार झाला म्हणजे तो आपोआप लागू होतो, असे नव्हे. तो मागून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षांची. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांहून अधिक भारतात राहिला नाही, त्याला कायदा 'रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नव्हे' असे म्हणतो. हे नाव ऐकून हसू येते, पण सवलत मोलाची आहे. बहुतेकांना ती दोन-तीन वर्षे मिळते आणि त्या काळात परदेशात मिळालेल्या उत्पन्नावर इथे कर नसतो. मात्र एक मेख आहे. जे उत्पन्न पहिल्यांदाच भारतातल्या खात्यात जमा होते, ते 'भारतात मिळालेले' ठरते आणि ही सवलत त्याला लागत नाही. तेच पेन्शन आधी परदेशातल्या खात्यात जमा होऊन मागाहून इकडे आणले, तर लागते. म्हणून घाईने सगळी खाती बंद करून येऊ नये. परदेशात राहत असताना मिळवलेली मालमत्ता आणि खाते परतल्यावरही ठेवण्याची मुभा १९९९ च्या परकीय चलन कायद्यात, म्हणजे 'फेमा'त, आहे.

ही वर्षे संपली की सगळे जगातले उत्पन्न इथल्या हिशेबात येते. इथे पुष्कळांची झोप उडते, आणि ती उडायचे कारण नाही. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर पडत नाही. आमच्यासारख्या बहुतेकांचे पेन्शन या रेषेच्या आतच राहते. पण कर शून्य म्हणजे कागद शून्य, असे मात्र नाही. परदेशात खाते असलेल्या सामान्य रहिवाशाने उत्पन्न कितीही असो, विवरणपत्र भरलेच पाहिजे आणि त्यात ते खाते दाखवलेच पाहिजे. पगारदारांचा सोपा नमुना त्याला चालत नाही. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याने हे न दाखवल्याबद्दल १० लाख रुपये दंड ठेवला. ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल, तर त्या दंडातून सूट देण्यात आली. तरीही ज्याने घामाने पैसा मिळवला त्याने तो चोरासारखा लपवावा कशाला? कलमांचे आणि नमुन्यांचे आकडे मी मुद्दाम देत नाही. १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणारा २०२५ चा प्राप्तिकर कायदा ते बदलून टाकतो. महाडला जाऊन जाणत्या चार्टर्ड अकौंटंटला विचारावे, त्याची फी द्यावी आणि पावती जपून ठेवावी.

तात्पर्य, कराच्या बाबतीत दोन सरकारे एकत्र बसली, वाटणी ठरवली आणि लेखी करार केला. त्यात पेन्शनरावर अन्याय झाला असे मला वाटत नाही.

पेन्शनचा करार नाही

आता दुसरी बाजू पाहू. ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शन दर एप्रिलात वाढते. पण पेन्शनर भारतात राहायला आला की ज्या दराने आला, त्याच दरावर ते गोठते आणि मरेपर्यंत तसेच राहते. अमेरिका, इस्रायल, फिलिपीन्स, जमैका किंवा युरोपीय संघातल्या देशांत राहणाऱ्याला दरवर्षीची वाढ मिळते. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे राहणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे ज्या देशांनी साम्राज्याच्या बाजूने महायुद्धांत माणसे पाठवली, नेमके त्यांतलेच पुष्कळसे या यादीत आहेत.

आकड्यांत सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटनचे नवे पेन्शन सुरू झाले तेव्हा त्याचा पूर्ण दर आठवड्याला १५५.६५ पौंड होता. एप्रिल २०२५ मध्ये तोच दर २३०.२५ पौंड झाला. २०१६ साली पूर्ण पेन्शन घेऊन भारतात आलेल्याला मात्र १५५.६५ पौंडच मिळत राहिले. वर्षाचा फरक सुमारे ३,८७९ पौंडांचा. पौंड ११५ रुपये धरला तर जवळपास साडेचार लाख रुपये. पूर्ण पेन्शनला पस्तीस वर्षांची वर्गणी लागते आणि किमान दहा वर्षे भरल्याशिवाय काहीच मिळत नाही. माझ्यासारख्याची वर्षे कमी, तेव्हा रक्कमही कमी. पण गोठण्याचा नियम सगळ्यांना सारखाच.

ही तूट आम्हाला जाणवत नाही, याचे कारण रुपया. २०१६ च्या एप्रिलात पौंडाला पंचाण्णवच्या आसपास रुपये मिळत. पुढे भाव वाढला आणि खात्यात दरवर्षी थोडे अधिक रुपये दिसू लागले. पेन्शनर खूश होतो. पण रुपयाची घसरण म्हणजे पेन्शनची वाढ नव्हे. बिरवाडीच्या बाजारात डाळीचा आणि महाडला औषधाच्या दुकानात गोळ्यांचा भावही त्या काळात स्वस्थ बसलेला नसतो.

विशेष म्हणजे हाच पेन्शनर मुलाला भेटायला लंडनला गेला, तर तिथे असेपर्यंत त्याला वाढीव दर मिळतो. विमानात बसून परतला की पुन्हा जुना दर. माणूस तोच, वर्गणी तीच, वर्षे तीच; बदलले ते फक्त गाव. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांनी हा प्रश्न कोर्टात नेला. २००५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, त्या हरल्या आणि मार्च २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही हरल्या. परस्पर करार असेल तिथे वाढ द्यायची, नसेल तिथे नाही, हे ब्रिटनचे धोरण तिथे टिकले. म्हणजे हा प्रश्न न्यायालयात नव्हे, वाटाघाटीच्या टेबलावर सुटणार.

त्या टेबलावर भारत बसतच नाही असे नाही. बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान या देशांशी आपले सामाजिक सुरक्षा करार झालेले आहेत. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी मोठा व्यापार करार झाला आणि त्याच्या जोडीने दुहेरी वर्गणी टाळण्याचेही ठरले. पण ते कंपन्यांनी ठरावीक काळासाठी तिकडे पाठवलेल्या नोकरदारांसाठी. तिथे आयुष्य घालवून परतलेल्या म्हाताऱ्यांची वाढ त्यात नाही.

हे मागणे केवळ आमच्या पोटाचे नाही. १९९३ च्या कराराने या पेन्शनवरचा कर भारताच्या वाट्याला दिला आहे. गोठलेले पूर्ण पेन्शन रुपयांत सव्वानऊ लाखांच्या आसपास भरते, म्हणजे करमुक्त मर्यादेच्या आत. वाढीव दराने तेच पावणेचौदा लाखांच्या पुढे जाते. म्हणजे पेन्शन गोठते तेव्हा पेन्शनराबरोबर भारताची तिजोरीही परकीय चलनाला आणि कराला मुकते. कर द्यावा लागेल इतके पेन्शन आम्हाला मिळवून द्या, आम्ही आनंदाने कर भरू, असे म्हणणारे नागरिक सरकारला रोज भेटत नसतील.

मेहरबानी नव्हे, मजुरी

कोणी म्हणेल, आखातातून आलेल्यांना तर पेन्शनच नाही. अमिरातीत वर्षामागे एकवीस किंवा तीस दिवसांच्या मूळ पगाराच्या हिशेबाने एकरकमी ग्रॅच्युइटी घेऊन ते परततात. तुम्हाला काही तरी मिळते यातच समाधान माना. आखातातल्या भावांवर अन्याय होतो हे मान्य. पण एकाचे ताट रिकामे म्हणून दुसऱ्याने अर्ध्या ताटावरून उठावे, हा न्याय नव्हे.

पेन्शनचे मोल या तालुक्याला नवे नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली ब्रिटिश लष्करातून निवृत्त झाले, दापोलीत राहू लागले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. ज्याचे पोट गावकीच्या बलुत्यावर अवलंबून नाही, तो माणूस गावासमोर ताठ मानेने उभा राहू शकतो. पेन्शन ही बक्षिसी नसून राखून ठेवलेली मजुरी असते, आणि तिच्यातून मिळते ती रोटीबरोबर स्वाधीनता.

म्हणूनच ती सांभाळण्याची जबाबदारी घरादाराची आहे. विलायतेहून अधूनमधून हयातीच्या दाखल्याचा कागद येतो. जबाबदार माणसाच्या साक्षीने सही करून तो मुदतीत परत गेला नाही तर पेन्शन थांबते. पावसाळ्यात घाट बंद, दरड कोसळलेली, टपाल रखडलेले. कागदाला हे कळत नाही. २०२१ च्या जुलैत सावित्रीच्या पुराने महाड बुडाले आणि २२ तारखेला तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. जिथे माणसेच गेली तिथे कागदांचे काय, हे खरे. पण जी माणसे उरली त्यांना पुन्हा उभे राहताना प्रत्येक दफ्तरात पहिला प्रश्न कागदाचाच आला.

आमच्या पिढीच्या पुरुषांनी एक वाईट सवय जोपासली आहे. पैशाचे कागद ट्रंकेत, किल्ली जानव्याला किंवा करगोट्याला, आणि बायकोला फक्त बाजारापुरते पैसे. नव्या पद्धतीत नवऱ्यामागे विधवेला ब्रिटनचे सरकारी पेन्शन सहसा मिळत नाही. कंपनीचे मिळेल की नाही, ते त्या कंपनीच्या नियमांवर. मृत्यूनंतर न कळवता जमा होत राहिलेली रक्कम तिकडचे सरकार परत मागते, आणि ती फेडायची वेळ त्या बाईवर येते. तिला पेन्शनचा नंबर, कंपनीचा पत्ता, बँकेचे खाते, कोणाला काय कळवायचे हे आजच माहीत हवे. एक वही घालावी, तिच्या दोन नकला कराव्यात, एक मुंबईच्या मुलीकडे ठेवावी. एवढ्याला रविवारचा एक तास पुरतो.

उरलेले काम दिल्लीचे आहे. ब्रिटनशी पुढची बोलणी होतील तेव्हा व्हिसा, कापड आणि मोटारींच्या यादीत एक ओळ परतलेल्या कामगारांच्या पेन्शनवाढीची असावी, असे आपल्या खासदारांना लिहायला हवे. आम्ही संख्येने थोडे, विखुरलेले आणि वयाने थकलेले आहोत. आमच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही. पण आमच्याकडून कसला कर कोणी घ्यायचा, हे ठरवायला दोन सरकारांना वेळ मिळाला होता. आमचे देणे किती, हे ठरवायलाही तेवढा वेळ काढावा.